स्थलांतराचे धोरण आणि कामगार संघटना: परस्परांवरील परिणाम कसा तपासावा

एखाद्या देशाने परदेशी कामगारांविषयीचा कायदा बदलला की दोन ठरावीक विधाने कानावर येतात. स्वस्त मजूर आणून संघटना मोडण्याचा हा डाव आहे, हे एक. आणि संघटनांना बाहेरचे लोक नकोच असतात, हे दुसरे. इतिहासात दोन्ही विधानांना पुरावे सापडतात, त्यामुळे समोर असलेल्या विशिष्ट कायद्याचे काय होईल हे त्यांपैकी एकही सांगू शकत नाही. संघटनेचे कार्यकर्ते, पत्रकार आणि विद्यार्थी यांना असा कायदा स्वतः तपासता यावा, यासाठी पुढे एक क्रम सुचवला आहे. किती कामगार येणार, हा प्रश्न या क्रमात मुद्दाम मागे ठेवला आहे. संघटनेचे बळ वाढेल की घटेल हे संख्येपेक्षा कामगार कोणत्या अटींवर येतो यावरून अधिक ठरते, असे माझे मत आहे.

परवाना कोणाच्या भरवशावर टिकतो?

कायद्याचा मसुदा हाती आला की प्रस्तावना आणि उद्दिष्टे बाजूला ठेवून थेट कामाच्या परवान्याच्या अटींकडे वळावे. परवान्यावर एका विशिष्ट मालकाचे नाव असते का? नोकरी सुटल्यास देशात राहण्याचा हक्कही संपतो का, आणि संपत असल्यास किती दिवसांत? मालक बदलण्यासाठी जुन्या मालकाची संमती लागते का? कामगाराने भरतीसाठी दलालाला पैसे मोजलेले असतात का, आणि ते कर्ज काढून दिलेले असतात का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की संघटनेपुढील अडचण किती मोठी आहे याचा बराच अंदाज येतो. संपाचे सगळे बळ ‘काम थांबवले तरी उद्या मी इथेच असेन’ या खात्रीत असते, आणि ती खात्रीच परवान्याने काढून घेतली असेल तर संघटना स्थापण्याचा हक्क कागदावर असूनही हाती फारसे काही उरत नाही.

उदाहरणे पाहिली की फरक लक्षात येतो. हाँगकाँगमध्ये घरकामासाठी आलेल्या परदेशी कामगाराला करार मुदतीआधी संपल्यास सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडावे लागते. तेथे या कामगारांना संघटना करण्याची मुभा आहे, आणि तरीही १९८७ पासूनचा हा नियम त्यांच्या प्रत्येक वाटाघाटीवर टांगलेला असतो. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या कर्मचाऱ्याला २०१७ पासून नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ब्रिटनने १९९८ मध्ये परदेशी घरकामगारांना मालक बदलण्याची सवलत दिली आणि २०१२ मध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी ती काढून घेतली. कतारमध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट २०२० मध्ये रद्द झाली, मात्र संघटना करण्याचा हक्क स्थलांतरितांना त्यानंतरही मिळाला नाही. या शेवटच्या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे की मालक बदलण्याचे स्वातंत्र्य आणि संघटित होण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी कलमे आहेत. एक मिळाले म्हणजे दुसरे आपोआप मिळत नाही.

मेक्सिकन मजुरांना ठरावीक मुदतीच्या करारावर अमेरिकेत आणणारी, त्या दोन देशांतील ब्रासेरो योजना या बाबतीत सविस्तर अभ्यासण्याजोगी आहे. १९४२ ते १९६४ या काळात तिच्याखाली पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. कागदावर अटी वाईट नव्हत्या: त्या भागातील प्रचलित मजुरी द्यायची होती आणि संप मोडण्यासाठी या मजुरांना वापरायचे नव्हते. मात्र १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्विन येथे डीजॉर्जिओ कंपनीच्या शेतांवर संप झाला, तेव्हा ब्रासेरो मजुरांनी सुरुवातीला स्थानिक कामगारांबरोबर काम थांबवले आणि अधिकाऱ्यांच्या दबावानंतर ते परत शेतात गेले. संपाशी त्यांना सहानुभूती नव्हती असे म्हणता येणार नाही. ज्या करारावर ते देशात होते तो करार त्यांच्या हातात नव्हता. त्याच योजनेतून एक उलटा परिणामही निघाला. योजना संपण्याच्या सुमारास अमेरिकेच्या श्रम खात्याने कॅलिफोर्नियात आणल्या जाणाऱ्या परदेशी मजुरांसाठी ताशी १.४० डॉलर हा दर ठरवला होता. १९६५ च्या वसंतात कोचेला खोऱ्यातील फिलिपिनो द्राक्षमजुरांनी तोच दर आपल्यालाही मिळावा म्हणून संप केला आणि तो मिळवला. सप्टेंबरमध्ये डेलानो येथे फिलिपिनो कामगार नेते लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली तीच मागणी पुढे आली, आठवडाभरात सेझर चावेझ यांची शेतमजूर संघटना संपात उतरली, आणि पाच वर्षांनी, १९७० मध्ये, द्राक्षबागायतदारांनी करारांवर सह्या केल्या. स्थलांतराच्या एका नियमाने ठरवलेला आकडा संघटनेच्या मागणीपत्रात कसा उतरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

दोन कायदे एकमेकांवर कुठे आदळतात

दुसऱ्या टप्प्यात स्थलांतराचा कायदा आणि कामगार कायदा शेजारी ठेवून वाचावेत. परवाना नसलेला कामगार कामगार कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरतो का, हा पहिला प्रश्न. ठरत असेल तर त्याच्यावर अन्याय झाल्यावर मिळणारी भरपाईही इतरांइतकीच आहे का, हा दुसरा. बहुतेक वाचक पहिल्यापाशी थांबतात, आणि खरी मेख दुसऱ्यात असते.

अमेरिकेतील दोन निकाल लागोपाठ वाचले तर हे चांगले समजते. शिकागोतील एका चामडे प्रक्रिया कारखान्यात कामगारांनी संघटनेच्या बाजूने मतदान केल्यानंतर मालकाने स्वतःच्याच कामगारांची तपासणी करावी म्हणून स्थलांतर खात्याला पत्र लिहिले. खात्याने पाच जणांना ताब्यात घेतले आणि ते त्याच दिवशी बसने मेक्सिकोकडे रवाना झाले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कामगारही कायद्याच्या संरक्षणाखाली येतात आणि मालकाचे पत्र ही बेकायदा सूडबुद्धीची कृती आहे, असे ठरवले. मात्र देशाबाहेर गेलेल्या कामगारांना कामावर नसल्याच्या काळातील वेतन देण्याबाबत न्यायालयाने हात आखडता घेतला. पुढे, संघटनेसाठी काम केल्यामुळे १९८९ मध्ये काढून टाकलेल्या एका कामगाराचे प्रकरण २००२ मध्ये न्यायालयासमोर आले. हॉफमन प्लास्टिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सुमारे ६७ हजार डॉलरच्या बुडालेल्या वेतनाचा प्रश्न होता. त्याने दुसऱ्याच्या जन्मदाखल्यावर नोकरी मिळवली होती, या कारणावरून पाच विरुद्ध चार मतांनी ती रक्कम नाकारण्यात आली. मालकाने कायदा मोडला हे मान्य झाले. शिक्षा म्हणून त्याला कारखान्यात एक सूचना लावायची होती आणि पुन्हा असे न करण्याच्या आदेशाला बांधील राहायचे होते. हक्क शाबूत ठेवून त्याची किंमत काढून घेतली की मालकाच्या हिशेबात काय बदलते, हे सांगण्याची गरज नाही. दक्षिण कोरियात स्थलांतरितांच्या संघटनेने २००५ मध्ये नोंदणी मागितली आणि परवाना नसलेल्या सभासदांसह ती नोंदणीस पात्र आहे, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले. दहा वर्षे संघटना नोंदणीविना चालली. निकालाबरोबर तो लागण्यास किती काळ गेला, हेही टिपणात नोंदवावे.

याच टप्प्यात मालकांवरील दंडाची तरतूद तपासावी. परवाना नसलेल्या व्यक्तीला कामावर ठेवल्यास मालकाला दंड करावा, ही मागणी वरकरणी संघटनेच्या फायद्याची वाटते. अमेरिकेतील ए.एफ.एल.-सी.आय.ओ. या महासंघाने १९८६ च्या कायद्यात तिला पाठिंबा दिला होता. त्याच कायद्याने सुमारे सत्तावीस लाख लोकांना कायदेशीर दर्जाही मिळाला. पुढील काळात अनुभव असा आला की कागदपत्रे तपासण्याचा अधिकार मालकाच्या हाती पडला आणि संघटनेची सभासद नोंदणी सुरू झाली की नेमकी तेव्हाच तपासणी निघू लागली. फेब्रुवारी २०००मध्ये महासंघाच्या कार्यकारी मंडळाने ही भूमिका उलटवली आणि दंडाची ती पद्धत रद्द करण्याची व नव्याने कायदेशीर दर्जा देण्याची मागणी केली. त्यामुळे मसुद्यात दंडाचे कलम दिसले की दंड कोणाला होतो यापेक्षा तपासणी कोण सुरू करू शकतो आणि कामगार वाद चालू असताना ती थांबवता येते का, हे शोधावे.

मजुरीचा तळ कोण बांधतो

करार प्रत्येक कारखान्यात स्वतंत्रपणे होतात की संपूर्ण उद्योगासाठी एकच होतो, यावर स्थलांतराचा परिणाम मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. एकच करार सर्वांना लागू असेल तर नव्या माणसाला कमी पैशांत राबवण्याची वाट मुळातच अरुंद होते. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी कामगार भरतीचा करार केला, तेव्हा तेथील संघटनांनी परदेशी कामगारांना जर्मन कामगारांइतकीच मजुरी आणि सामाजिक संरक्षण मिळावे असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. १९७२ च्या कायद्याने कारखान्यातील कामगार परिषदेवर निवडून येण्याचा मार्गही परदेशी कामगारांना मोकळा केला. म्हणून सारे सुरळीत झाले असे नाही: ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोन येथील फोर्डच्या कारखान्यात प्रामुख्याने तुर्की कामगारांनी संप केला, तो संघटनेच्या मान्यतेविना, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने भरतीच थांबवली. समान दर मिळाला तरी सर्वात जड आणि कंटाळवाण्या कामाच्या जागा कोणाच्या वाट्याला येतात, हा प्रश्न वेतनपत्रकात दिसत नाही. तो वेगळा विचारावा लागतो.

युरोपीय संघात ही गुंतागुंत आणखी वाढते, कारण तेथे माणूस स्थलांतरित म्हणून न येता परदेशी कंपनीचा कर्मचारी म्हणून ‘पाठवला’ जाऊ शकतो. लाव्हाल या लॅटव्हियातील कंपनीने २००४ मध्ये स्वीडनच्या वॅक्सहोम येथे शाळेच्या बांधकामावर आपले कामगार आणले. स्वीडनमध्ये कायद्याने ठरलेले किमान वेतन नाही. ते संघटनांच्या करारांतून ठरते. कंपनीने तो करार नाकारल्यावर बांधकाम कामगारांच्या संघटनेने कामाच्या जागेची नाकेबंदी केली. डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही नाकेबंदी सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्याला बाधा आणणारी ठरवली, आणि नंतर स्वीडनच्या श्रम न्यायालयाने संघटनांना भरपाई देण्यास सांगितले. पाठवलेल्या कामगारांविषयीचा युरोपीय नियम २०१८ मध्ये सुधारून स्थानिक वेतनाच्या अधिक जवळ आणण्यात आला. अभ्यासकाने यातून एवढे घ्यावे की ‘स्थलांतर धोरण’ या मथळ्याखाली न येणारे व्यापाराचे, ठेकेदारीचे आणि सेवांचे नियमही या तपासात धरावे लागतात. ते सुटले तर चित्र अर्धेच राहते.

स्वीडनचाच २००८ चा कायदाही पाहावा. त्याआधी परदेशातून कामगार आणण्यापूर्वी त्या व्यवसायात मनुष्यबळाची खरोखर कमतरता आहे का, याबाबत संघटनांचे मत विचारले जाई आणि त्या मताला व्यवहारात नकाराधिकाराचे वजन होते. नव्या कायद्याने गरज ठरवण्याचा अधिकार मालकाला दिला. संघटनेकडे देऊ केलेल्या अटी करारापेक्षा वाईट आहेत का, एवढे सांगण्याची संधी उरली. सल्ला देण्याचा हक्क आणि रोखण्याचा हक्क यांतील अंतर मसुद्याच्या भाषेत एका क्रियापदाचे असते, तेव्हा अशी वाक्ये दोनदा वाचावीत.

उलट दिशा: संघटना धोरण कसे घडवतात

आता प्रश्न फिरवावा. संघटनांनी स्थलांतराचे कायदे कसे घडवले, हे पाहताना इतिहासाचा अप्रिय भाग झाकून ठेवू नये. संघटनांच्या बाजूने लिहिणाऱ्यांकडून तो बरेचदा झाकला जातो. कॅलिफोर्नियात १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या वर्किंगमेन्स पार्टीने डेनिस कर्नी यांच्या नेतृत्वाखाली चिनी कामगारांविरुद्ध उघड मोहीम चालवली आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा आला. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे संस्थापक सॅम्युअल गॉम्पर्स स्वतः लंडनमध्ये जन्मलेले आणि लहान वयात न्यूयॉर्कला आलेले स्थलांतरित होते, तरीही त्यांनी या बंदीला जोरदार पाठिंबा दिला. ऑस्ट्रेलियातील १९०१ च्या वर्णभेदी स्थलांतर कायद्यामागेही तेथील कामगार चळवळ उभी होती.

या सर्व विरोधाला एकच रंग देणे मात्र चुकीचे ठरेल. १८८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या कायद्याने परदेशातून आगाऊ करार करून आणि प्रवासखर्च देऊन मजूर आणण्यास बंदी केली. त्यामागे नाइट्स ऑफ लेबर ही संघटना होती, आणि तिचा आक्षेप मालकाने बांधून आणलेल्या मजुराला होता. स्वतःच्या पायावर आलेल्या माणसाला तो कायदा लागू होत नसे. १८८२ चा कायदा वंश पाहत होता, १८८५ चा कराराचे स्वरूप. एखाद्या संघटनेचा आजचा ठराव हाती आला की तिचा आक्षेप या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे वाक्यावाक्यातून तपासावे. अनेकदा एकाच ठरावात दोन्ही मिसळलेले आढळतात.

संघटनेची भूमिका तिच्या सभासदत्वावरूनही बऱ्यापैकी ओळखता येते. ज्या व्यवसायात प्रवेश शिकाऊ उमेदवारी आणि परवान्यांनी मर्यादित असतो, तेथील संघटना दार अरुंद ठेवण्याकडे झुकतात. ज्या व्यवसायात स्थलांतरित आधीच बहुसंख्य आहेत, तेथील संघटनांना त्यांना कायदेशीर दर्जा मिळवून देण्यातच आपले भवितव्य दिसते. लॉस एंजेलिसमध्ये इमारतींची सफाई करणाऱ्या, बहुतांशी मध्य अमेरिकेतून आलेल्या कामगारांनी १९९० मध्ये संप केला आणि जून महिन्यात पोलिसांच्या लाठ्या खाऊनही तो जिंकला. त्यांची संघटना पुढे ए.एफ.एल.-सी.आय.ओ. महासंघाच्या २००० मधील भूमिकाबदलामागील प्रमुख शक्तींपैकी एक ठरली. उलटपक्षी, चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेने १९७४ मध्ये परवाना नसलेले संपफोडे स्थलांतर खात्याला कळवण्याची मोहीम चालवली होती. स्थलांतरितांचीच संघटना असूनही. नंतर तिने हे धोरण सोडले. अशी वळणे वगळून लिहिलेला इतिहास वाचायला सोपा असतो, उपयोगाचा नसतो.

वाटाघाटीतून काय निघू शकते, यासाठी अमेरिकेतील २०१३ चे विधेयक पाहावे. महासंघ आणि उद्योजकांचे प्रमुख मंडळ यांनी कमी कौशल्याच्या कामांसाठी नव्या व्हिसावर तडजोड केली. कामगाराला मालक बदलता येईल, वार्षिक संख्या २० हजारांपासून सुरू होऊन जास्तीत जास्त दोन लाखांपर्यंत जाईल, आणि बांधकाम क्षेत्रात मात्र वर्षाला १५ हजारांहून अधिक व्हिसा मिळणार नाहीत, असे ठरले. शेवटची अट बांधकाम संघटनांच्या दबावाची खूण आहे. विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले. प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाच घेतले नाही.

आकड्यांकडे केव्हा वळावे

एवढे झाल्यावर आकडे पाहावेत. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत आले आणि मायामीचे मनुष्यबळ अंदाजे सात टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम आढळला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी अनेक वर्षांनी तीच आकडेवारी शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या पुरुषांपुरती पाहिली आणि मोठी घसरण दाखवली. कोणता गट मोजला, यावर निष्कर्ष इतका बदलत असेल तर एकाच अभ्यासाचा हवाला देऊन ठराव मांडू नये. ब्रासेरो योजना बंद झाल्याने स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढली का, हे मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तपासले. तशी वाढ त्यांना दिसली नाही, कारण टोमॅटोसारख्या पिकांत मालकांनी काढणीची यंत्रे आणली आणि काही ठिकाणी पिकेच बदलली. स्थानिक आणि परदेशी मजूर यांखेरीज मालकासमोर नेहमी तिसरा पर्याय असतो, हे संघटनेने गृहीत धरावे.

ठराव लिहिताना

संघटनेसाठी भूमिका लिहिणाऱ्याने मागण्यांचा क्रम वरील तपासातूनच ठरवावा: आधी मालक बदलण्याचा हक्क, मग भरपाईतील समानता, मग उद्योगव्यापी दर, आणि त्यानंतर संख्येविषयी जे म्हणायचे असेल ते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १९४८ चे ८७ क्रमांकाचे अभिसंधी-पत्र कोणताही भेद न करता कामगारांना संघटनेचा हक्क देते, आणि १९४९ चे ९७ व १९७५ चे १४३ क्रमांकाचे पत्र विशेषतः स्थलांतरितांविषयी आहे. आपल्या देशाने यांपैकी कोणते मान्य केले आहे हे पाहून त्याचा आधार घ्यावा.

मात्र ठराव कितीही नेटका असला तरी हंगामी कामगार वर्षाअखेर मायदेशी परततो, आणि पुढल्या हंगामाच्या यादीत त्याचे नाव असेल की नाही हे भरती करणारा दलाल ठरवतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शेतमजुरांच्या एका संघटनेने लोणच्याच्या कंपनीवर पाच वर्षे बहिष्कार चालवून २००४ मध्ये बागायतदारांच्या मंडळाशी करार केला. त्यात हंगामी व्हिसावर येणाऱ्या हजारो मेक्सिकन मजुरांसाठी तक्रार निवारणाची पद्धत आणि जुन्या मजुरांना पुढील हंगामात बोलावण्याचा क्रम ठरला, आणि भरतीतील गैरप्रकारांवर लक्ष ठेवण्यासाठी संघटनेने मेक्सिकोतील मॉन्तेरे शहरात कार्यालय उघडले. आपल्या करारात असा परत बोलावण्याचा क्रम आहे का, तक्रारीचा अर्ज कामगाराच्या भाषेत मिळतो का, आणि तक्रारदार सीमेपलीकडे गेल्यावर तिथून साक्ष देऊन प्रकरण पुढे चालवता येते का, या तीन गोष्टी सह्या करण्यापूर्वी मसुद्यात शोधाव्यात. सापडल्या नाहीत तर लिहून घ्याव्यात.